प्रोरोग: मुदत वाढवणारे क्रियापद संसद बंद करायला कसे लागले

१० सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये गोंधळ चालू होता. अध्यक्ष जॉन बर्को यांच्या खुर्चीभोवती विरोधी खासदारांनी गराडा घातला होता. काहींच्या हातात 'आवाज बंद केला' अशा अर्थाचे कागद होते. बोरिस जॉन्सन सरकारच्या सल्ल्यावरून राणीने संसदेचे अधिवेशन संपवले होते आणि पुढचे पाच आठवडे संसद भरणार नव्हती. ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याची, मुदत ३१ ऑक्टोबरला संपत असताना सरकारला प्रश्न विचारायला कोणी नको, म्हणून हे चालले आहे, असा विरोधकांचा आरोप होता. या सगळ्या प्रकाराला इंग्रजीत एक जुने, जरा अवघडलेले क्रियापद आहे: प्रोरोग.

तहकूब म्हणावे, तर ते वेगळे. बरखास्त म्हणावे, तर तेही वेगळे. मोठा इंग्रजी शब्दकोश उघडला तर गंमत वाढते. 'संसदेचे अधिवेशन संपवणे' हा आजचा अर्थ तिथे असतोच, पण त्याच्या शेजारी 'जुना अर्थ' म्हणून 'वेळ वाढवणे, मुदत लांबवणे' असेही लिहिलेले सापडते. एकच क्रियापद एके काळी 'चालू ठेवा' म्हणत होते आणि आज 'बंद करा' म्हणते.

वेळ लांबवण्यासाठी इंग्रजीत इतर शब्द भरपूर आहेत आणि त्यांची कुळकथा सरळ आहे. प्रोलाँगमध्ये लॅटिनचा 'लाँगुस' आहे, म्हणजे लांब. एक्स्टेंडमध्ये ताणणे आहे. प्रोट्रॅक्टमध्ये ओढणे आहे, ट्रॅक्टरमध्ये आहे तेच. या सगळ्यांत काळाला दोरी समजून खेचलेले आहे. प्रोरोगमध्ये मात्र ना लांबी आहे, ना ओढणे. त्याच्या पोटात आहे विचारणे.

लॅटिनमध्ये 'रोगारे' म्हणजे विचारणे, मागणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध एका प्राचीन धातूशी जोडतात, ज्याचा अर्थ सरळ रेषेत पुढे करणे असा होता. हात पुढे केला की मागणे झाले. आपला 'ऋजु' त्याच घराण्यातला मानला जातो. ते खूप जुने झाले. आपल्याला हवे आहे ते रोमच्या प्रजासत्ताकातले रोगारे.

रोममध्ये कायदा 'विचारला' जाई. अधिकारी जमलेल्या लोकांच्या सभेसमोर उभा राहून ठरलेल्या शब्दांत सुरुवात करी: 'वेलितिस युबेआतिस, क्विरितेस', म्हणजे नागरिकहो, तुमची अशी इच्छा आणि आज्ञा आहे का? मग प्रस्ताव सांगायचा आणि शेवटी 'असे मी तुम्हाला विचारतो' म्हणायचे. होकार द्यायचा असेल तर मतदाराचे उत्तर 'उती रोगास', तू विचारतोस तसे. नकार द्यायचा असेल तर 'अंतिक्वो', म्हणजे जुने आहे तेच राहू दे. पुढे इ.स.पू. १३१ पासून कायद्यांवरही लेखी मतदान आले, तेव्हा मतपट्टीवर याच शब्दांची आद्याक्षरे चालू लागली. मतदार जमलेले, प्रश्न विचारलेला आणि उत्तर मोजलेले, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय कायदा होत नसे.

या 'विचारण्या'ने इंग्रजीला मोठा गोतावळा दिला. इंटरोगेट म्हणजे चौकशी करणे, हे सहज ओळखू येते. ॲब्रोगेट म्हणजे असलेला कायदा काढून टाकण्याबद्दल लोकांना विचारणे. कलम ३७० च्या बातम्यांत 'ॲब्रोगेशन' आणि लंडनच्या बातम्यांत 'प्रोरोगेशन' हे दोघे भाऊ ऑगस्ट २०१९ या एकाच महिन्यात जगभर गाजले, हा निव्वळ योगायोग. सरोगेट म्हणजे एखाद्याच्या जागी दुसऱ्याला निवडण्याबद्दल विचारणे; सरोगसी हा शब्द तिथून निघून दवाखान्यात पोहोचला आहे. आणि प्रेरोगेटिव्ह? रोममध्ये मतदान गटागटाने होई. चिठ्ठी टाकून ज्या गटाला सर्वांत आधी विचारले जाई, तो 'प्रेरोगातिवा'. पहिले मत देण्याचा तो मान होता. पुढे त्याचा अर्थ 'विशेषाधिकार' झाला, आणि इंग्लंडात तो प्रामुख्याने राजाच्या खास अधिकारांना चिकटला. हा शब्द लक्षात असू द्या, पुढे कोर्टात लागणार आहे.

आता प्रोरोगारे. रोमचे कॉन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, दोन, मुदत एक वर्ष. सत्ता एका हातात फार दिवस राहू नये म्हणून ही व्यवस्था केलेली होती. गाव शेजारी आणि लढाई उन्हाळ्यापुरती असेपर्यंत तिचे बरे चालले. इ.स.पू. ३२७ मध्ये क्विंतुस पुब्लिलिउस फिलो हा कॉन्सुल आजच्या नेपल्सला वेढा घालून बसला होता. शहर पडत आलेले आणि इकडे वर्ष संपत आलेले. नवा सेनापती पाठवायचा म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा लोकांसमोर प्रस्ताव ठेवला गेला: फिलोचे कॉन्सुलपद संपले, तरी युद्ध संपेपर्यंत त्याने 'प्रो कॉन्सुले', म्हणजे कॉन्सुलच्या जागी, काम करावे. लोक हो म्हणाले. इतिहासकार लिव्हिउसने नोंदवलेली ही पहिली मुदतवाढ. पदाची नव्हे, अधिकाराची. 'प्रो' म्हणजे पुढे, 'रोगारे' म्हणजे विचारणे. पुढच्या काळासाठी लोकांना विचारणे, ते प्रोरोगारे.

मराठीत 'मुदतवाढ' हा शब्द आपण रोज वाचतो. प्रशासकाला मुदतवाढ, निवृत्त सचिवाला मुदतवाढ, रस्त्याच्या कंत्राटाला तर तिसरी मुदतवाढ. रोमच्या प्रकरणात वेगळे होते ते एवढेच, की ती लोकांना विचारून मिळाली.

ते फार काळ टिकले नाही. कार्थेजशी युद्धे सुरू झाली, स्पेन, सिसिली, ग्रीस असे दूरचे प्रांत आले, आणि सेनापतींची मुदत वाढवणे हा दरवर्षीचा कारभार झाला. तो सिनेटने परस्पर उरकायला सुरुवात केली. शब्द 'लोकांना विचारणे' असाच राहिला, विचारायचे मात्र सोडून दिले गेले. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. ज्युलियस सीझरला इ.स.पू. ५९ मध्ये पाच वर्षांसाठी प्रांत मिळाला, ५५ मध्ये आणखी मुदत मिळाली, आणि ती नेमकी कधी संपते यावर सीझर आणि सिनेट यांचे जुळेना. आजचे इतिहासकारही त्या तारखेवर भांडतात. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सीझरने फौजेसह इटलीच्या हद्दीवरची रुबिकॉन नदी ओलांडली आणि तारखेचा प्रश्न निकाली निघाला.

लॅटिनच्या इतर लेकींनी आईचा अर्थ इमाने सांभाळला आहे. फ्रेंचमध्ये मुदत वाढवायची तर 'प्रोरोजे'. इटलीत दर वर्षाच्या अखेरीस सरकार एक हुकूम काढते, निरनिराळ्या कायद्यांतल्या संपत आलेल्या मुदती एकगठ्ठा वाढवणारा. त्याला सगळा देश 'मिल्ले प्रोरोगे' म्हणतो: हजार मुदतवाढी. स्पेनच्या राज्यघटनेच्या कलम १३४ नुसार नवा अर्थसंकल्प मंजूर झाला नाही, तर जुनाच आपोआप पुढे चालू राहतो, आणि त्यासाठी शब्द हाच. पण खरी लोकप्रियता मैदानात आहे. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत सुटला नाही की मिळणारा जादा वेळ स्पेनमध्ये 'प्रोर्रोगा'. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इनिएस्ताचा गोल ११६ व्या मिनिटाला झाला, तो प्रोर्रोगातच. ब्राझीलमध्येही जादा वेळेला याच घरातला शब्द आहे. म्हणजे माद्रिदच्या पोराला हा शब्द ऐकला की खेळ अजून संपलेला नाही हे कळते, आणि लंडनच्या खासदाराला ऐकला की बाकं रिकामी करायची हे.

इंग्लंडात असे उलटे का झाले?

शब्द तिथे फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या सुमारास पोहोचला, आणि आला तो 'लांबवणे' या जुन्या अर्थानेच. शेक्सपिअरच्या नाटकांत तो संक्रमणात पकडता येतो. पेरिक्लिस राजा तीन महिने कोणाशी बोलत नाही आणि अन्न घेतो ते केवळ दुःख 'प्रोरोग' करण्यापुरते. इथे अर्थ लांबवणे. रोमिओ ज्युलिएटला म्हणतो, की तुझ्या प्रेमाविना 'प्रोरोग' झालेल्या मरणापेक्षा तुझ्या माणसांच्या हातून आत्ताच मेलेले बरे. इथे मरण लांबत नाही, लांबणीवर पडते. फरक बारीक आहे, पण सगळी मेख त्यातच आहे.

मराठी माणसाला हा फरक समजायला अडचण नाही, कारण आपल्या 'पुढे'मध्ये तो बसलेलाच आहे. 'सुनावणी पुढे चालू राहिली' म्हणजे काम झाले. 'सुनावणी पुढे गेली' म्हणजे आज काहीच झाले नाही, डबा घेऊन घरी चला. शब्द तोच, दिशा तीच. पहिल्या वाक्यात गोष्ट स्वतः पुढे वाढते, दुसऱ्यात तिची तारीख पुढे सरकते, आणि तारीख सरकली की मध्ये रिकामी जागा पडते. प्रोरोग पहिल्या वाक्यातून दुसऱ्या वाक्यात गेला आणि मग त्या रिकाम्या जागेचेच नाव झाला.

त्याला तिथे नेले ते इंग्लंडच्या पार्लमेंटने. मध्ययुगात पार्लमेंट ही कायमची संस्था नव्हती, तो एक प्रसंग होता. राजाला पैसे हवे असले की सरदार, धर्मगुरू आणि गावोगावचे प्रतिनिधी बोलवायचे, कर मंजूर करून घ्यायचे, तक्रारी ऐकायच्या आणि घरी पाठवायचे. प्रसंग संपला की ते पार्लमेंट संपले. पुढच्या वेळी नवी निवडणूक, नवी माणसे. मग सोयीचा मार्ग निघाला: काम अर्धवट आहे, पण पेरणी-कापणी आली किंवा प्लेगची साथ आली, तर पार्लमेंट मोडायचे नाही, अमुक तारखेपर्यंत 'प्रोरोग' करायचे. त्या तारखेला हीच माणसे पुन्हा जमतील. पार्लमेंटच्या आयुष्याच्या दृष्टीने ही अगदी रोमन अर्थाची मुदतवाढ होती. आठव्या हेन्रीने चर्चला रोमपासून तोडले ते पार्लमेंट १५२९ ते १५३६ असे चालले, मधूनमधून प्रोरोग होत. दुसऱ्या चार्ल्सचे एक पार्लमेंट तर १६६१ पासून १६७९ पर्यंत, जवळपास १८ वर्षे, याच पद्धतीने जिवंत राहिले. राजाला अनुकूल माणसे निवडून आली होती, मग नवी निवडणूक घ्यायची कशाला?

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र मुदतवाढ दिसत नाही. त्याला दिसते ते बंद दार. राजाने प्रोरोग म्हटले की आज सभा उठते, ही डोळ्यांसमोरची गोष्ट. ती पुन्हा भरेल, हे वचन. लोकांनी डोळ्यांसमोरचे धरले.

प्लेगचा उल्लेख आला म्हणून एक जाता जाता. १६०५ साली पार्लमेंटचे उद्घाटन प्लेगच्या भीतीने पुढे ढकलत ढकलत ५ नोव्हेंबरवर आले होते. गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांना तळघरात दारूगोळा साठवायला वेळ मिळाला तो या प्रोरोगेशनांमुळे. ब्रिटनमध्ये आजही ५ नोव्हेंबरला होळ्या पेटतात.

पहिल्या चार्ल्सने सतराव्या शतकात पार्लमेंटशिवाय ११ वर्षे राज्य केले, तेव्हा दार उघडण्याचा अधिकार कोणाकडे आहे हा प्रश्न जीवघेणा झाला. १६४१ मध्ये पार्लमेंटने त्याच्याकडून कायदाच करून घेतला, की आमच्या संमतीशिवाय आम्हाला विसर्जित, प्रोरोग किंवा तहकूब करता येणार नाही. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटले.

त्याच्या मुलाच्या काळातला एक खटका मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतो, कारण तो चक्क या शब्दाच्या अर्थावरून झाला. दुसऱ्या चार्ल्सने नोव्हेंबर १६७५ मध्ये पार्लमेंट प्रोरोग केले ते थेट फेब्रुवारी १६७७ पर्यंत, सुमारे १५ महिने. पार्लमेंट भरले त्याच दिवशी ड्यूक ऑफ बकिंगहॅम उठला आणि म्हणाला, तिसऱ्या एडवर्डच्या काळापासून कायदा आहे की पार्लमेंट दरवर्षी भरले पाहिजे; वर्षाहून लांबलेले प्रोरोगेशन हे प्रोरोगेशन नव्हेच, ते विसर्जन झाले. म्हणजे आपण इथे बसलो आहोत ते बेकायदा, नवी निवडणूक घ्या. शाफ्ट्सबरी आणि आणखी दोघे सरदार त्याच्या बाजूने बोलले. सभागृहाने या चौघांना माफी मागायला सांगितली, त्यांनी नकार दिला, आणि त्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात झाली. शाफ्ट्सबरी सुमारे वर्षभर आत होता. 'किती लांबवले की लांबवणे संपते आणि मोडणे सुरू होते' हा बकिंगहॅमचा प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिला.

उत्तर मिळायला ३४२ वर्षे लागली. २८ ऑगस्ट २०१९ ला बाल्मोरल येथे राणीने जो हुकूम मंजूर केला, त्याविरुद्ध लंडनमध्ये कार्यकर्त्या जीना मिलर आणि स्कॉटलंडमध्ये खासदार जोआना चेरी व इतर कोर्टात गेले. सरकारचे म्हणणे होते, की प्रोरोग करणे हा राजघराण्याचा प्रेरोगेटिव्ह आहे, कोर्टाने त्यात पडू नये. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. न्यायालयाच्या अध्यक्षा लेडी हेल यांनी तो वाचून दाखवला. प्रेरोगेटिव्हला मर्यादा असतात आणि त्या ठरवणे हे कोर्टाचेच काम. पुरेशा कारणाशिवाय संसदेच्या कामात अडथळा आणणारे प्रोरोगेशन बेकायदा. नव्या अधिवेशनाच्या तयारीला साधारण चार ते सहा दिवस लागतात असा पुरावा समोर होता. पाच आठवडे कशाला, याचे कोणतेही पटणारे कारण दिले गेले नव्हते. आणि मग ते वाक्य, ज्याचा आशय असा: हुकूम मुळातच निरर्थक असल्याने, तो घेऊन आलेले राजप्रतिनिधी जणू कोरा कागद घेऊन सभागृहात आले होते. संसद प्रोरोग झालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी खासदार परत बाकांवर.

प्रोरोग आणि प्रेरोगेटिव्ह ही दोन्ही नावे लोकांना विचारण्यातून जन्मलेली, आणि खटला होता लोकप्रतिनिधींना न विचारण्याचा. निकालपत्रात अर्थातच असले काही नाही. न्यायाधीशांना व्युत्पत्तीत रमायला सवड नसते, आपल्याला आहे.

कॅनडात हे नाटक वारंवार होते. डिसेंबर २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांचे अल्पमतातले सरकार अविश्वास ठरावात पडणार हे दिसत होते. ते राणीच्या प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर जनरल मिशेल जाँ यांच्याकडे गेले, दोन तासांहून जास्त वेळ बसले, आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत संसद प्रोरोग करून घेऊन बाहेर आले. ठराव राहिला, सरकार वाचले. जानेवारी २०२५ मध्ये जस्टिन ट्रुडो यांनी राजीनाम्याची घोषणा करताना २४ मार्चपर्यंत हेच केले.

आता आपल्याकडे.

भारताला हा शब्द ब्रिटिश काळातल्या कायद्यांतून वारशाने आला. संविधानाच्या कलम ८५ नुसार राष्ट्रपती संसदेच्या सभागृहांचे आणि कलम १७४ नुसार राज्यपाल विधिमंडळाचे अधिवेशन प्रोरोग करतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. संविधानाच्या मराठी प्रतीत 'सत्रसमाप्ती' आहे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन संपल्याच्या बातमीत आपण 'संस्थगित' वाचतो. दोन्ही एकच.

गोंधळ होतो तो शेजारच्या शब्दांमुळे. गदारोळ झाला आणि अध्यक्ष म्हणाले, कामकाज दुपारी दोनपर्यंत बंद, तर ते तहकूब. पुढची तारीख न सांगता उठले, तर बेमुदत तहकूब. हे दोन्ही अध्यक्षांच्या हातात असते आणि अधिवेशन तांत्रिकदृष्ट्या चालूच असते. संस्थगित केले की अधिवेशनच संपते. हा अधिकार अध्यक्षांचा नाही, राष्ट्रपती-राज्यपालांचा, म्हणजे व्यवहारात सरकारचा. आणि विसर्जन म्हणजे सभागृहच संपले, आमदार-खासदार माजी झाले. ब्रिटनमध्ये प्रोरोग झाले की अपुरी विधेयके एरवी बाद होतात, पुढे नेण्याची खास तजवीज केली असेल तरच वाचतात. आपल्या घटनाकारांनी कलम १०७ मध्ये स्पष्ट लिहून ठेवले, की सत्रसमाप्तीने विधेयक बाद होणार नाही.

सुरुवातीला संविधानात असे होते, की संसदेला वर्षातून किमान दोनदा अभिनिमंत्रित केले पाहिजे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ते बदलले. त्या वेळचे कायदामंत्री डॉ. आंबेडकर यांनी अडचण समजावून सांगितली ती अशी: संसद वर्षभर तहकूब होत होत बसली, भरपूर काम केले, तरी मधे सत्रसमाप्ती झाली नाही तर नवे अधिवेशन सुरू होत नाही, आणि कायद्याच्या भाषेत तिला एकदाच बोलावले असे ठरते. म्हणजे जास्त बसणारी संसद नियम मोडणारी ठरणार. म्हणून 'दोनदा' गेले आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये एवढेच उरले. बकिंगहॅमला हवी असलेली मर्यादा आपल्याकडे अशी लेखी आहे.

बंद करणारा हा अधिकार कधी उघडण्यासाठीही वापरला गेला आहे. मार्च १९६८ मध्ये पंजाब विधानसभेचे अध्यक्ष जोगिंदर सिंग मान यांनी ऐन अर्थसंकल्पात सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब करून टाकले. ३१ मार्चपर्यंत पैसे मंजूर झाले नसते तर सरकारची तिजोरी अडली असती, आणि तहकूब केलेले सभागृह परत बोलवणे राज्यपालांच्या हातात नव्हते. राज्यपाल डॉ. डी. सी. पावटे यांनी विधानसभाच संस्थगित केली, वटहुकूम काढला आणि काही दिवसांत नवे अधिवेशन बोलावले. म्हणजे अध्यक्षांनी घातलेली कडी काढता येईना, म्हणून दारच बदलले. सर्वोच्च न्यायालयाने हे योग्य ठरवले. त्याच पंजाबात २०२३ मध्ये उलटा वाद झाला. अध्यक्षांनी अधिवेशन बेमुदत तहकूब केले, सरकारने ते संस्थगित करून घेतलेच नाही, आणि जूनमध्ये अध्यक्षांनी तेच सभागृह पुन्हा बोलावले. राज्यपाल म्हणाले ही बैठक बेकायदा. १० नोव्हेंबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितले, की सत्रसमाप्ती झालेली नसेल तर अध्यक्षांना तो अधिकार आहे.

सरकारे सत्रसमाप्ती कधी करतात आणि कधी टाळतात, याची किल्ली बहुतेक वेळा वटहुकमात असते. कलम १२३ नुसार संसदेची दोन्ही सभागृहे सत्रात असताना वटहुकूम काढता येत नाही. तहकूब सभागृह सत्रात असते, संस्थगित सभागृह नसते. २०१५ मध्ये भूसंपादनाचा वटहुकूम संपत आला होता आणि अर्थसंकल्पी अधिवेशनाची मधली सुटी चालू होती. सरकारने मार्चअखेर एकट्या राज्यसभेची सत्रसमाप्ती करून घेतली आणि एप्रिलच्या सुरुवातीला वटहुकूम पुन्हा काढला. एक सभागृह बंद झाले, वटहुकमाचे आयुष्य वाढले.

म्हणजे वेळ वाढवण्याचा जुना अर्थ मेला नव्हता, तो मागच्या दाराने आत आला होता. बिहारात तर त्याने संसारच थाटला होता, आणि हे शोधून काढले पुण्यातल्या माणसाने. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या वटहुकमांचा हिशेब मांडला. वटहुकूम विधिमंडळ पुन्हा भरल्यानंतर सहा आठवड्यांत संपतो. दोन अधिवेशनांतले जास्तीत जास्त सहा महिन्यांचे अंतर धरले तरी साडेसात महिने फार झाले. बिहारात १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि त्यांतले अनेक वर्षानुवर्षे चालू राहिले. ऊस पुरवठा आणि खरेदीचा एक वटहुकूम जवळपास १४ वर्षे जगला. पद्धत ठरलेली होती: अधिवेशन भरायचे, वटहुकूम सभागृहात विधेयक म्हणून आणायचेच नाहीत, अधिवेशन संस्थगित करायचे, आणि मग जुने वटहुकूम नव्या तारखेने, त्याच मजकुरासह, गठ्ठ्याने पुन्हा काढायचे. आमदारांना विचारण्याचा प्रश्नच येत नव्हता.

वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचा आक्षेप होता, की या गृहस्थांचे स्वतःचे काय नुकसान झाले म्हणून हे आले आहेत? डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा आक्षेप फेटाळला, वटहुकूम असे पुन्हा पुन्हा काढणे ही संविधानाशी लबाडी आहे असे सांगितले आणि बिहार सरकारने वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये द्यावेत असा आदेश दिला.